गाडी पूर्ण आली

१२ ऑक्टोबर, रविवार. सकाळपासून गच्चीवर तंबू वाळत घातले आहेत. लोणावळ्यात चार महिने पाऊस काढला की बंद कपाटातल्या सगळ्याच वस्तूंना कुबट वास येतो. तंबूंवर तर काळे ठिपके उठतात. व्हिनेगरच्या पाण्यात फडकं बुडवून एकेक ठिपका पुसायचा, कापड उन्हात पालथं घालायचं, चेनवर मेणबत्ती घासायची. आमच्या चालण्याच्या ग्रुपचं सगळं सामान माझ्याकडे असतं. मी तळेगावच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळते, त्यामुळे ग्रुपचं स्टोअर्सही माझ्याच गळ्यात पडलं.

मघाशी एक मालगाडी गेली. माझ्या हातातलं फडकं आपोआप थांबलं आणि शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत थांबूनच राहिलं. ही सवय माझी नाही, गार्डसाहेबांनी लावलेली आहे.

गार्डसाहेब आता डोंबिवलीला मुलाकडे असतात. गुडघे गेले, चालणं सुटलं. ग्रुपमध्ये त्यांचा विषय निघाला की अजून दोन पक्ष पडतात. माझी मोठी बहीण त्यांच्यामुळे जिवंत आहे, असं अर्धे म्हणतात. ती त्यांच्यामुळेच मरणार होती, असं उरलेले अर्धे म्हणतात. दोन्ही खरं आहे, म्हणून नीट लिहून ठेवते.

ते रेल्वेत गार्ड होते. आधी मालगाडीवर, मग पॅसेंजरवर. मधे रेल्वेनं गार्डांचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं, तेव्हा आम्ही त्यांना मुद्दाम मॅनेजरसाहेब म्हणायला लागलो. ते म्हणाले, "मॅनेजर हॉटेलात असतो. काउंटरवर बसतो. गार्ड मागे उभा असतो." विषय संपला.

लोणावळ्यात त्यांचं घर रुळांच्या इतकं जवळ होतं की गाडी गेली की कपबशा वाजायच्या. बोलता बोलता गाडी आली की ते वाक्य अर्धं सोडून खिडकीशी जायचे. शेवटच्या डब्यावरची पिवळी पाटी दिसली की परत येऊन वाक्य तिथूनच पुढे. त्यांच्या बायकोनं मला एकदा सांगितलं, "माझं माहेरही रुळालगतच. बघायला आले तेव्हा माझ्या वडलांनी विचारलं, मुलगी पसंत आहे का. हे हो म्हणायला तोंड उघडतात तोवर मालगाडी आली. डबे संपता संपेनात. वडलांना घाम फुटला. आईनं आत जाऊन डोळे पुसले. गाडी गेल्यावर म्हणतात, हो."

त्या पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत एल. व्ही. लिहिलेलं असतं. लास्ट व्हेईकल, म्हणजे शेवटचा डबा. स्टेशनातून गाडी जाताना ती पाटी दिसली की 'गाडी पूर्ण आली' असं धरतात. पाटी दिसली नाही तर गाडी मधेच कुठेतरी तुटली आणि मागचे डबे रुळावर राहिले असं समजायचं. गार्डसाहेबांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तशीच पाटी बनवली होती आणि ती आपल्या सॅकला मागे तारेनं घट्ट बांधली होती. आमच्या ग्रुपमध्ये ते कायम शेवटी चालायचे. गळ्यात शिट्टी, पँटच्या खिशात गुंडाळलेले दोन झेंडे, लाल आणि हिरवा. सगळ्यांत पुढे निखिल असायचा. निखिल हिंजवडीला नोकरी करतो, वयानं आमच्यात लहान, पायानं जलद, म्हणून पुढारी. गार्डसाहेब त्याला ड्रायव्हर म्हणत. मागून शिट्टी आल्याशिवाय ड्रायव्हरनं पाऊल उचलायचं नाही, आणि डोंगराच्या माथ्यावर थांबून पाटी दिसेपर्यंत पुढे जायचं नाही. पाटी दिसली की निखिल हात वर करून ओरडायचा, "गाडी पूर्ण!"

सुरुवातीला आम्ही हसायचो. मग सवय झाली. मग पाटीची इतकी सवय झाली की माणसं मोजायचं आम्ही सोडूनच दिलं.

पावसाळ्यात आम्ही पहाटे भुशीकडून वर चढायचो, गर्दी यायच्या आत. तरी एकदा मुंबईची पोरं आमच्या रांगेत घुसलीच. गार्डसाहेबांनी लाल झेंडा उघडून त्यांना अडवलं. "ही गाडी थ्रू आहे. मधे चढू नका. तुमची मागून येते." पोरं इतकी गोंधळली की खरंच मागच्या गाडीची वाट बघत थांबली.

हिवाळ्यात आंदर मावळात जायचो. तिथे एसटी कमी, चालणं भरपूर. एका वाडीत भाताच्या खाचराशी उभ्या असलेल्या म्हातारीनं त्यांच्या पाठीवरची पाटी निरखून विचारलं, "आबा, पाटी कशाची म्हनायची? इम्याचं काम करता व्हय?"

"नाही मावशी. मी शेवटचा आहे."

म्हातारीनं चटकन कानाला हात लावला. "आसं बोलू न्हाई वो. लय वरसं हायेत आजून तुमाला. कुटं दुकतंय का?"

त्याच वाडीच्या पुढे आमच्या ग्रुपमधल्या कल्पनावहिनींचा पाय मुरगळला होता. पुढच्यांना कळलं नाही, आम्ही टेकाड ओलांडून गेलो. मागे वहिनी आणि गार्डसाहेब दोघंच. खाली डांबरी रस्ता दिसत होता, दुधाची गाडी उभी होती, वहिनी म्हणत होत्या लंगडत जाते. ते हलले नाहीत. आम्ही पाटीची वाट बघून बघून परत आलो तर वहिनी बांधावर रडकुंडीला आलेल्या आणि हे शेजारी लाल झेंडा रोवून ताठ उभे.

मी चिडले. "गार्डसाहेब, त्या गाडीत बसवून दिलं असतं तर एव्हाना घरी शेकत बसल्या असत्या."

"मॅडम, गाडी तुटली की मागचा तुकडा जागचा हलत नाही. पुढचा परत येतो. मागचाही हलला तर पुढच्यानं शोधायचं कुठे?"

"अहो, पण वहिनी म्हणजे डबा आहे का?"

"डब्याला पाय नसतात म्हणून नियम सोपा पडतो," ते म्हणाले. "माणसांना जास्त कडक लावावा लागतो."

यावर त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे रुळाशी वाद घालणं. मी वहिनींच्या पायाला पट्टी बांधली आणि निघाले.

किरगिझस्तानची टूर निघाली तेव्हा गार्डसाहेबांना न्यावं की नको यावर कुजबुज झाली होती. सत्तरी ओलांडलेली. पण रोज चालणारा माणूस, डॉक्टरांनी हिरवा झेंडा दाखवला, आणि शेवटी त्यांच्याशिवाय निघायचं कसं हे कुणाला सुचेना. माझी ताईही आली. ताई तळेगावला शाळेत शिक्षिका होती, आता निवृत्त. चालायला हळू, बोलायला जलद, आणि जे समोर येईल ते चाखून बघायची हौस. ती आपोआपच गार्डसाहेबांच्या वाट्याला गेली. ते तिला मोठ्या मॅडम म्हणत.

डोंगरातली चाल होती, रोज तंबू नव्या जागी. सामान घोड्यांवर. आमचा वाटाड्या अझमत, तिथलाच, इंग्रजी सावकाश पण नीट बोलणारा. घोडेवाला एक म्हातारा, डोक्यावर उंच पांढरी टोपी, तो कुणाशीच बोलायचा नाही. मी स्वयंपाकाची आणि औषधांची जबाबदारी घेतली होती, म्हणून मुक्कामाला मी आधी पोचायचे. चहा, भाजणीची थालिपीठं, कुणाला काय दुखतंय ते बघणं. पहिले दिवस मजेत गेले. चढावर ज्यांचा दम जाई ते आपली सॅक वाटेवर ठेवून देत. मागून घोडेवाला येई, ती उचलून घोड्यावर बांधी. ही सोय सगळ्यांना आवडली. गार्डसाहेबांनी मात्र आपली सॅक एकदाही दिली नाही.

खिंड ओलांडायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही मेंढपाळांच्या तंबूंजवळ उतरलो होतो. गोल, लोकरीच्या जाड नमद्याचे, धूर निघणारे तंबू. तिथल्या बाईनं आम्हाला घोडीच्या दुधाचं आंबलेलं पेय दिलं. मी वास घेऊन परत दिलं. ताई वाडगाभर प्यायली आणि वर म्हणाली, "ताकच आहे गं, जरा रागावलेलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन होतं. खिंड समोर दिसत होती आणि तिथपर्यंत जाणारी घसरणीची खडी. माझ्यासारखी लोणावळ्याची चढणं चढलेली बाईही तिथे चार पावलांवर थांबत होती. खिंडीजवळ पोचले तोवर ढग खाली आले आणि गारा सुरू झाल्या. मी थांबले नाही. अझमतबरोबर पलीकडे उतरून, तळ्याकाठी सपाट जागेवर घोडेवाल्याच्या मुलानं पुढे नेलेल्या घोड्यांपाशी जाऊन चहाचं पाणी ठेवलं. एकेक जण भिजून, कुडकुडत येत गेला. निखिल खिंडीत थांबला होता, शेवटचा डबा बघायला. तो आला तेव्हा दात वाजत होते, तरी हात वर करून म्हणाला, "गाडी पूर्ण!"

मी सगळ्यांना चहा दिला. ताईचा कप हातात घेऊन फिरले. ताई नव्हती.

"निखिल, ताई कुठाय?"

"मागेच आहे. गार्डसाहेबांबरोबर. एल. व्ही. बघूनच उतरलो मी."

तेवढ्यात घोडेवाला शेवटचा घोडा घेऊन आला. घोड्याच्या पाठीवर तंबूंचे बोजे, त्यावर एक सॅक, आणि सॅकला मागे बांधलेली पिवळी पाटी.

मी सॅक उतरवून उघडली. गार्डसाहेबांचं जाकीट, रेनकोट, टोपी, पाणी, बॅटरी, सगळं त्यात होतं.

"धुकं होतं," निखिल म्हणाला. "पाटी दिसली. पिवळी पाटी दिसली मला धुक्यात. मी म्हटलं आले."

अझमतनं घोडेवाल्याला विचारलं. तो शांतपणे सांगत होता आणि अझमत आम्हाला इंग्रजीत. सॅक वाटेवर ठेवलेली होती. आसपास कुणी नव्हतं. रोज लोक ठेवतात तशी यांनीही ठेवली असेल, म्हणून उचलली. वर गेल्यावर मागून शिट्टी ऐकू आली. ती तर रोजच येते. त्यानं हात हलवला आणि पुढे आला.

मी अझमतला म्हटलं, चला, परत वर जायचं.

अझमत म्हणाला, नाही. गारा पडताहेत, खडी ओली आहे, आता वर जाणं धोक्याचं. आणि गरजही नाही. ती दोघं जिथे राहिली तिथून मेंढपाळांचे तंबू जवळ आहेत, सगळा उतार. बाईंना बरं नसेल तर ती दोघं केव्हाच खाली गेली असतील. शेकोटीपाशी बसून चहा पीत असतील. सकाळी जाऊन घेऊन येऊ. कुठलाही शहाणा माणूस हेच करेल.

"बरोबर आहे त्याचं," निखिल म्हणाला. बाकीच्यांनीही माना हलवल्या. सगळ्यांना ते खरं असावं असं वाटत होतं. मलाही वाटत होतं.

"निखिल, आंदर मावळात कल्पनावहिनींना घेऊन ते खाली रस्त्यावर गेले होते का?"

त्यानं खिंडीकडे मान वळवली. कल्पनावहिनी घरीच राहिल्या होत्या, नाहीतर त्यांनीच सांगितलं असतं.

मी अझमतला समजावायला लागले. गाडी तुटली की मागचा तुकडा हलत नाही. तो तिथेच असणार. वाटेवर. गारांत. जाकिटाशिवाय. अझमत म्हणाला, "सिस्टर, तो म्हातारा माणूस आहे. गाडी नाही."

"तू त्यांना ओळखत नाहीस."

"बहीण तुमची आजारी असेल. तिला थंडीत उभं ठेवेल?"

"ठेवतील."

हे म्हणताना मला पहिल्यांदा भीती वाटली. गार्डसाहेब रस्ता चुकतील ही भीती नव्हती. ते नियम मोडणार नाहीत ही होती.

मी अझमतला विचारलं, तू येतोस का मी एकटी जाऊ? तो शिवी वाटावं असं काहीतरी पुटपुटला आणि घोडेवाल्याला हाक मारली. घोड्यावरचे बोजे उतरवले. मी थर्मास, दोन स्लीपिंग बॅगा, ताईचं आणि गार्डसाहेबांचं जाकीट घेतलं. निखिल बूट बांधायला लागला.

"तू नाही," मी म्हटलं. "तू इथे माणसं मोज. पाटी नाही, माणसं. आणि कुणालाही जागचं हलू देऊ नकोस."

वर जाताना गारांचा पाऊस झाला आणि पावसाचं बर्फ. खडीवर पाय ठेवला की अर्धा परत खाली येई. अझमत पुढे, मी मधे, मागे घोडा घेऊन घोडेवाला. डोक्यात एकच हिशेब चालू होता: ताईच्या अंगात स्वेटर आहे का फक्त विंडचीटर. सकाळी तिनं काय घातलं होतं ते काही केल्या आठवेना. बहिणीच्या अंगावर काय आहे हे आठवू नये याचा मला राग आला.

खिंडीपलीकडे धुकं इतकं होतं की अझमतची पाठही मधूनच दिसेनाशी होई. त्यानं दोनदा हाका मारल्या, उत्तर आलं नाही. तिसऱ्यांदा तो थांबला, वळला, आणि चेहऱ्यावरून मला कळलं की तो आता परत फिरायचं म्हणणार. मी त्याच्या बाजूनं पुढे गेले. थोडं उतरल्यावर माझा पाय कापडात अडकला.

लाल झेंडा. वाटेच्या मधोमध, काठी दोन दगडांत घट्ट रोवलेली, धुक्यात पुढून येणारा माणूस त्यांना ओलांडून जाऊ नये म्हणून.

अझमत झेंड्याकडे बघत म्हणाला, "ट्रेन."

मी ओरडले. खालून शिट्टी आली. हलकी, तुटक, पण शिट्टी.

एका मोठ्या धोंड्याच्या आडोशाला ताई बसली होती, पाय पोटाशी घेऊन. तिच्या अंगावर तिचा प्लॅस्टिकचा रेनकोट, त्याच्या आत गार्डसाहेबांचा स्वेटर. गार्डसाहेब शेजारी उभे होते, शर्टात. ओठ निळे. हात काखेत. शिट्टी दातांत धरलेली.

मला बघून ताई आधी रडली आणि मग तक्रार करायला लागली. "अगं, हे झोपू देत नाहीत. डोळा मिटला की पुणे ते लोणावळा स्टेशनं म्हणायला लावतात. मी घोरावाडी विसरले तर म्हणे परत पुण्याहून सुरू करा. तीनदा पुण्याला गेले मी!"

ती चिडून बोलतेय म्हणजे शुद्धीवर आहे. मी तिला जाकीट घातलं, गरम पाणी पाजलं. मग तिनंच सांगितलं. घोडीचं ताक सकाळीच बाधलं होतं. चढावर पोटात कळ आली, धोंड्यामागे जावं लागलं. गार्डसाहेब भले गृहस्थ. सॅक वाटेवर ठेवून वाटेपासून लांब, उताराच्या आड जाऊन पाठ फिरवून उभे राहिले. त्यांनी वळून बघितलं तेव्हा सॅक घोड्यावर चढून वर निघाली होती.

गार्डसाहेबांनी मला विचारलं, "पुढचा भाग कुठे उभा आहे?"

"तळ्याकाठी. सगळे सुखरूप आहेत. जाकीट घाला."

"गाडी पूर्ण कोणी दिली?"

"जाकीट घाला आधी."

"पाटी कुठे आहे, मॅडम?"

"घोड्यावरून आली. घोडेवाल्यानं आणली."

जाकिटाची बाही त्यांना सापडेना, हात इतके ताठरले होते. मी हात धरून आत घातला, लहान मुलाला घालतात तसा, आणि चेन गळ्यापर्यंत ओढली. ते थरथरत नव्हते. ताई थरथरत होती, ते नाही. हे चांगलं लक्षण नाही एवढं मला माहीत होतं. ताईला घोड्यावर बसवलं. त्यांना म्हटलं, तुम्हीही पाळीपाळीनं बसा. ते म्हणाले, "मी मागे."

"गार्डसाहेब, आत्ता नाटकं नकोत."

"मी मागे," त्यांनी परत सांगितलं. जीभ जड झाली होती. मी त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले आणि एक हात त्यांच्या पट्ट्यात घातला. खिंड चढताना ते दोनदा गुडघ्यावर आले. दुसऱ्यांदा उठेचनात. अझमतनं त्यांना उचलून पाठीवर घेतलं आणि ते त्याच्या मानेवर डोकं टेकून राहिले. तो सगळा उतार मी त्यांच्याशी बोलत राहिले. पुण्यापासून स्टेशनं विचारली. ते सांगत होते, पण सावकाश. कान्हे आणि कामशेतच्या मधे थांबले तेव्हा मी त्यांना पाठीत जोरात थापटलं.

अंधारायच्या आत आम्ही तळ्याकाठी पोचलो. दोघांना स्लीपिंग बॅगांत घातलं, पाण्याच्या गरम बाटल्या पायांशी ठेवल्या. ताई गरम भात खाऊन झोपली. गार्डसाहेबांना तासाभरानं थरथर सुटली तेव्हा मी पहिल्यांदा खाली बसले.

निखिल त्यांच्याजवळ जाऊन रडवेला होऊन माफी मागत होता. ते तंबूच्या छताकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश मोकळं होतं. तंबू आवरले, सॅका बांधल्या, सगळे रांगेत उभे राहिले, आणि शिट्टी वाजेना. गार्डसाहेब आपल्या तंबूपुढे दगडावर बसले होते. बूट बांधलेले, केस विंचरलेले. शिट्टी आणि झेंडे समोर जमिनीवर ठेवलेले.

"गार्डसाहेब, निघायचं ना?"

"मी निलंबित आहे, मॅडम."

"कुणी केलं?"

"मीच. गार्डाशिवाय पाटी पुढे गेली. चौकशी झाल्याशिवाय मला ड्युटीवर येता येत नाही."

ताई म्हणाली, "अहो, मी जिवंत आहे!"

"तो चौकशीचा मुद्दा नाही, मोठ्या मॅडम."

मग सगळे त्यांची समजूत काढायला लागले. झालं ते झालं, सोडून द्या, तुमची काही चूक नाही, तुम्ही होता म्हणून वाचल्या. जो तो बोलत होता तसे ते जास्तच ताठ होत होते. चूक नाही असं सांगणं त्यांना शिवी वाटत होती, हे माझ्या लक्षात आलं.

"चौकशी कोण करतं?" मी विचारलं.

"वरिष्ठ."

"औषधं माझ्या ताब्यात, सामान माझ्या ताब्यात, चहा माझ्या ताब्यात. मीच वरिष्ठ." मी रिकामं पातेलं पालथं घालून त्यावर बसले. "उभे राहा."

ते उभे राहिले. हसणाऱ्यांना मी गप्प केलं.

"सॅक हाताच्या अंतराबाहेर का ठेवलीत?"

"चूक झाली."

"मान्य. निखिल, तू खिंडीत माणूस बघितलास का पाटी?"

"पाटी," निखिल म्हणाला.

"पाटी कुणाच्या पाठीवर होती?"

"घोड्याच्या."

"मान्य. गार्डसाहेब, मेंढपाळांचे तंबू दिसत होते?"

"धुकं यायच्या आधी दिसत होते."

"ताई, तू चालू शकत होतीस?"

ताईनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हळूहळू गेले असते गं."

"मग का नेलं नाहीत?"

"तुकडा हलला तर पुढच्यानं—"

"आम्ही धूर बघून आलो असतो. शेकोटीपाशी शोधलं असतं. आम्हाला तेवढी अक्कल आहे. तुमच्या अंगात शर्ट होता. आधी तुम्ही पडला असता. मग या बाईनं एकटीनं काय करायचं होतं?"

घोडेवालाही काम थांबवून बघत होता. गार्डसाहेबांनी खाली झेंड्यांकडे बघितलं.

"ते नियमात नाही," ते शेवटी म्हणाले.

"म्हणून विचारलं. निकाल सांगते. दोघंही दोषी. निखिलनं आज ताईचा घोडा धरून चालायचं, आणि ती जे बोलेल ते सगळं ऐकायचं. तुमची पाटी बंद. यापुढे माणसं मोजायची, नावानं. आणि मागचा तुकडा आजारी असेल तर उबेच्या दिशेनं हलेल."

"नियम बदलायला वरून मंजुरी लागते."

"दिली."

"लेखी?"

"तोंडी."

ते वाकले. गुडघे धरून, सावकाश. शिट्टी उचलून गळ्यात घातली, झेंडे खिशात. मग सॅकची तार सोडवून पाटी माझ्या हातात दिली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

मी पुढून सुरुवात केली. एकेकाच्या खांद्याला हात लावून मोठ्यांदा नाव घेतलं. निखिल, ताई, सगळे. प्रत्येकजण हजर म्हणाला. ताई दोनदा म्हणाली. शेवटी त्यांच्यासमोर आले आणि त्यांचं नाव घेतलं, वडलांच्या नावासकट, आडनावासकट. टूरची तिकिटं मीच काढली होती म्हणून मला ते माहीत होतं. रांगेतल्या दोघांतिघांनी वळून पाहिलं, हे नवीन कोण म्हणून.

"हजर," ते म्हणाले, आणि शिट्टी वाजवली.